गंजलेली पेट्रोलटाकी : सफाई आणि नवे अस्तर

रुवीला लागून असलेल्या वादी कबीरच्या औद्योगिक वस्तीत मोटारदुरुस्तीची गॅरेजे दाटीने उभी आहेत. जुनी लँड क्रूझर किंवा लँड रोव्हर जपणारे हौशी लोक ओमानमध्ये आहेत, आणि इथल्या एखाद्या मराठी कुटुंबाची फियाट वा पद्मिनी पुण्यातल्या इमारतीखाली मालकाच्या वार्षिक सुट्टीची वाट पाहत उभी असते. दोन्हींना जडणारा रोग एकच. गाडी गावात नीट चालते आणि नेमकी निझवाच्या वाटेवर किंवा घाटात गुदमरते. फिल्टर उघडला की तपकिरी भुकटी हाती लागते.

जुन्या पत्र्याच्या टाक्यांना आतून बहुधा शिसे-कथलाचा पातळ मुलामा असे. एका परीने ती कल्हईच. तो झिजला की लोखंड उघडे पडते. टाकी अर्धी रिकामी असेल, तर दिवसरात्रीच्या तापमानातील फरकाने दमट हवेतील बाष्प आत साचते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते आणि तळाचा सांधा प्रथम खाल्ला जातो. जून २००७ मध्ये गोनू चक्रीवादळाने मस्कत परिसरात पूर आणला. अशा पुरात बुडालेल्या मोटारीच्या टाकीत हवानळीवाटेही पाणी शिरू शकते.

कामातील खरा धोका आम्लाचा नाही, वाफेचा आहे. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के पेट्रोलवाफ मिसळली की ते मिश्रण ठिणगीने फुटते. म्हणूनच भरलेल्या टाकीपेक्षा ‘रिकामी’ टाकी अधिक घातक ठरते. वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साठते. बॅटरीची जोडणी काढून, उघड्यावर, आसपास कोणतीही ज्योत वा चालू मोटर नसताना पेट्रोल काढावे. न धुतलेल्या टाकीला वेल्डिंग करण्यास कोणी तयार होत असेल, तर त्याच्याकडे टाकी देऊ नये.

टाकी उतरवल्यावर इंधनमापकाचा तरंगक, रबरी नळ्या आणि गाळणी काढून घ्यावी. प्रथम गरम पाणी आणि तेलकटपणा काढणारे क्षारयुक्त द्रावण वापरून जुन्या पेट्रोलचा राळेसारखा थर धुवावा. हा थर राहिला तर पुढचे आम्ल गंजापर्यंत पोहोचतच नाही. मग सुटे पापुद्रे पाडण्यासाठी आत साखळी घालून टाकी हलवतात. नट-बोल्टही चालतात, पण आतल्या आडभिंतींमागे एखादा अडकला की तो काढण्यात दुपार जाते. साखळी अखंड बाहेर येते.

उरलेल्या गंजासाठी सायट्रिक किंवा सौम्य फॉस्फरिक आम्ल योग्य. फॉस्फरिक आम्लाने पृष्ठभागावर लोहफॉस्फेटचा थर तयार होतो आणि अस्तराला पकड मिळते. हायड्रोक्लोरिक आम्ल झटपट काम करते खरे, पण चांगला पत्राही खाते आणि नंतर काही मिनिटांत नवा गंज चढवते. विद्युतविश्लेषणाचाही मार्ग आहे: टाकीत धुण्याच्या सोड्याचे द्रावण भरायचे, टाकी ऋण अग्राला जोडायची आणि तोंडातून पत्र्याला न टेकता सोडलेली लोखंडी सळई धन अग्राला. जोडणी उलटली तर टाकीच झिजेल. सळई स्टेनलेस स्टीलची नसावी, कारण तिच्यातून विषारी क्रोमियमसंयुगे सुटतात. हायड्रोजन निघतो, तेव्हा मोकळी हवा हवीच.

वापरलेले आम्ल आणि जुने पेट्रोल गटारात किंवा कोरड्या वादीत ओतू नये; पहिल्या पावसात ते समुद्रापर्यंत जाते. घातक कचरा स्वीकारणाऱ्या यंत्रणेकडेच ते सोपवावे.

धुतलेली टाकी पूर्ण कोरडी होणे हे सर्वांत दुर्लक्षित काम. गरम हवेचा झोत टाकीच्या सर्व तोंडांतून बराच वेळ द्यावा लागतो. मस्कतचे कडक ऊन मदत करते, पण उन्हाळ्यातली दमट रात्र दिवसाची कमाई बुडवते. अस्वच्छ भांड्यावर कल्हई धरत नाही, तसेच ओलसर वा तेलकट पत्र्यावर अस्तर धरत नाही. ते सुटले की त्याचे पापुद्रे इंधननळी बंद करतात, म्हणजे दुखण्यापेक्षा उपाय भारी.

बारीक छिद्रे अस्तराने बुजतात. मोठी छिद्रे आधी झाळून घ्यावीत. टाकी सर्वत्र सडत असेल तर अस्तराच्या नादी लागू नये. दोन भागांचे इपॉक्सी अस्तर उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात कालवून ओततात आणि टाकी सर्व बाजूंनी सावकाश फिरवतात. उष्णतेने मिश्रण लवकर घट्ट होते, म्हणून ओमानच्या उन्हाळ्यात हे काम पहाटेच उरकावे. जादा द्रव पूर्ण निथळू द्यावा. डबके साचले तर तो भाग नीट वाळत नाही. शोषनळी आणि हवानळी अधूनमधून हवा फुंकून मोकळ्या ठेवाव्यात, तरंगकाच्या बैठकीचे आटे आधीच झाकावेत. सुकण्याचा काळ काही दिवसांचा असतो, त्यात घाई करू नये.

अस्तर निवडताना एक गोष्ट भारतातल्या गाडीसाठी निर्णायक आहे. २०२५ पर्यंत तिथे २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल जवळपास सर्वत्र पोहोचले आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या प्रकारची काही अस्तरे विरघळवते. डब्यावर इथेनॉलरोधक असा स्पष्ट उल्लेख पाहूनच अस्तर घ्यावे आणि त्याच वेळी जुन्या रबरी नळ्याही बदलाव्यात. पहिल्या काही टाक्यांपर्यंत पारदर्शक फिल्टर लावल्यास आत काही सुटते आहे का, हे डोळ्यांना दिसते.