माठातला आवाज : बुलढाणा जिल्ह्यातील घरगुती ध्वनियंत्रणेचा शब्दाधारे मागोवा

श्रवणाचा सामाजिक इतिहास लिहिणारा अभ्यासक सामान्यतः आकाशवाणीची केंद्रे, ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्या आणि रेडिओ-परवान्यांचे आकडे यांवर भिस्त ठेवतो. १९८० च्या दशकापर्यंत रेडिओ बाळगण्यास परवाना लागत असे. त्यामुळे विकत घेतलेला संच दप्तरात आला. घरीच जोडलेला स्पीकर मात्र कोणत्याच दप्तरात आला नाही. यावरून एक चुकीचा निष्कर्ष सहज निघतो. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात सामान्य माणसाच्या वाट्याला जत्रेतला, सभेतला आणि देवळातला आवाजच काय तो आला, घरात त्याने केवळ शांतता ऐकली, असे मानले जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीस हरकत घेतली आहे. आधार कागदाचा नाही, शब्दांचा आहे.

जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग लोक स्वतःच करतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे मुंबई-नागपूर लोहमार्गावर आहेत, आणि कापसाच्या व्यापारासाठी जलंब-खामगाव हा फाटा १८७० मध्येच सुरू झाला. घाटावरच्या चिखली-मेहकरकडे माल मागाहून चढे. नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये निघाले. पुण्याच्या परिसरात १९५६ च्या आरंभी रेडिओ-ग्रामसभांचा जो प्रसिद्ध प्रयोग झाला, त्यात मुंबई राज्यातील १५० खेडी होती. बुलढाणा तेव्हा मध्य प्रदेशात असल्याने त्या अहवालातही त्याचा मागमूस नाही. दप्तराबाहेर राहण्याची या जिल्ह्याला सवयच म्हणावयाची!

आता शब्दांकडे वळू. ध्वनियंत्राला येथील लोकांनी दिलेले पहिले नाव कर्णा. हा शब्द फारसी-अरबी परंपरेतून मराठीत आला आणि त्याचा मूळ अर्थ लांब, पुढे पसरत जाणारी तुतारी. संस्कृत ‘कर्ण’ शब्दाशी त्याची सांगड लोकव्युत्पत्तीने घातली. ती भाषाशास्त्रदृष्ट्या टिकणारी नसली तरी मनोज्ञ आहे. ग्रामोफोनच्या तोंडाला कर्णा म्हणत, आणि १९३० च्या दशकात राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांतून मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ कंपनीची यंत्रे दिसू लागल्यावर तेच नाव तिकडे गेले. दुसरा शब्द भोंगा, जिनिंग-प्रेसिंगच्या आवारातून आलेला, हुकुमाचा आवाज. तिसरा ध्वनिक्षेपक, पोलिसांच्या परवानगीपत्रातला. हे तीनही शब्द चव्हाट्यावरचे आहेत. घरातील यंत्राला यांतील एकही नाव मिळाले नाही, हीच गोष्ट अर्थपूर्ण आहे. घरात आला तो ‘स्पीकर’, आणि त्याच्या भोवतीचा सारा शब्दसंग्रह निराळा.

विद्युत्-चुंबक, तारेचे वेटोळे व कागदी शंकू यांचा आजचा स्पीकर १९२५ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या राइस व केलॉग यांनी शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या, तेव्हा जुन्या रेडिओतून काढलेला किंवा बाजारातून सुटा आणलेला असा स्पीकर सामान्य घरापर्यंत पोचला. परंतु सुटा स्पीकर तारेला जोडला की निराशा होते. आवाज चिरका आणि पोकळ येतो. शंकू पुढे सरकताना समोरची हवा दाबतो, त्याच क्षणी मागची हवा विरळ करतो, आणि या दोन लहरी कडेवरून एकमेकींस भेटून खर्जाचे स्वर नाहीसे करतात. म्हणून पेटी हवी. सागवानी पेटी सुताराकडून करून घेण्याची ऐपत नसलेल्याने कुंभाराचा आश्रय केला.

स्पीकर माठाच्या तोंडावर, चुंबक आत राहील असा, बसवावयाचा आणि कडेची फट ओल्या मातीने किंवा चिंधीने बुजवावयाची, ही रीत प्रस्तुत लेखकाने बालपणी अनेक घरांत पाहिली आहे. तिला ‘जुगाड’ म्हणून हसणाऱ्यांनी एक प्रयोग ध्यानी घ्यावा. आर. सी. ए. कंपनीतील हॅरी ऑल्सन यांनी १९५१ मध्ये एकच स्पीकर घन, नळकांडे, शंकू, गोल अशा निरनिराळ्या आकारांच्या पेट्यांत बसवून मोजमाप प्रसिद्ध केले. घनाकृती पेटीत कडांमुळे आवाजाचे चढउतार मोठे आले. सर्वांत सरळ आवाज गोलाचा आला. भाजलेल्या मातीची भिंत पातळ फळीसारखी थरथरतही नाही. अर्थात माठ निर्दोष नव्हे. गोल पोकळी आतून एका विशिष्ट स्वराला घुमते. ते घुमणे आवरण्यास आत पिंजलेला कापूस भरावा लागतो, आणि कापूस तर या जिल्ह्यात घरचाच. मडके लहान असेल तर आवाज ‘कोंदतो’, कारण आत कोंडलेली हवा ताठ स्प्रिंगसारखी शंकूला अडविते. म्हणून रांजणाच्या जवळ जाणारा माठ पसंत केला जाई. कोणी माठाच्या कुशीला भोक पाडीत. बेल प्रयोगशाळेच्या थुरास यांना पेटीतील अशाच मोजक्या द्वाराबद्दल १९३२ मध्ये पेटंट मिळाले होते. दोन्ही ठिकाणचे तत्त्व एक. मात्र कुशीचे भोक कानाच्या अंदाजाने पडत असल्याने काही माठ साधत, काही बिघडत. कुंभाराकडे माठ वाजवून घेण्याची गृहिणीची परीक्षाही येथे कामी आली. पाण्यासाठी तडा ओळखणारा कान ध्वनीसाठीही तोच तडा ओळखी.

या कारागिरीची परिभाषा क्रियापदांत साठलेली आहे. घुमणे, कोंदणे, चिरकणे, खरखरणे, फाटणे: यांतील प्रत्येक क्रियापद निराळा दोष दाखविते. ‘आवाज फाटतो’ हा प्रयोग विशेष पाहण्यासारखा आहे. शक्तीपलीकडे वाजविल्याने विकृत झालेला आवाजही फाटतो आणि त्यामुळे कागदी शंकूही अक्षरशः फाटतो. लक्षणा आणि वाच्यार्थ एकाच यंत्रात भेटले आहेत. याहून सुंदर उदाहरण ‘बेस’ या शब्दाचे. मराठीत ‘बेस’ म्हणजे उत्तम, ठीक. त्याचा संबंध फारसी ‘बेश’शी जोडला जातो. खर्जासाठीचा इंग्रजी शब्द उच्चाराने नेमका त्यावरच येऊन बसला. ‘बेस आवाज’ म्हणणारा खर्जाचे वर्णन करतो की गुणाचे, हे पुष्कळदा सांगता येत नाही. आणि ज्यांच्या कानावर जत्रेतील तंबूच्या सिनेमाचा व ढोलाचा संस्कार होता, त्यांच्या लेखी तो भेद नव्हताही.

शक्तिवर्धकाचा प्रश्न एका जपानी चकतीने सोडविला. सान्यो कंपनीची एलए ४४४० ही चकती दुरुस्तीच्या दुकानांतून ‘चव्वेचाळीस-चाळीस’ या मराठी संख्यावाचकानेच ओळखली जाते. तिच्यातून दोन वाहिन्यांस प्रत्येकी सुमारे ६ वॅट, किंवा दोन्ही जोडून सुमारे १९ वॅट शक्ती मिळते; आणि महत्त्वाचे म्हणजे ती मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत हा गुण निर्णायक ठरला. वीज नसलेल्या घरात बॅटरीवर चित्रपटाचा आवाज घुमे, तो याच चकतीच्या जोरावर.

पाच स्पीकर व एक वूफर अशी रचना तयार संचांतून आली, तसा ‘होम थेटर’ हा शब्दही आला. धाब्याच्या किंवा पत्र्याच्या एका खोलीत मागचे दोन स्पीकर टांगावयास भिंतच नसते. ते पुष्कळदा टी.व्ही.शेजारीच मांडलेले आढळतात. परंतु शब्दाचा अर्थ येथे पाच दिशांचा आवाज असा नाहीच. चित्रपटगृहाचे तिकीट न काढता त्याचा खर्ज घरी आणणे, एवढाच तो अर्थ. आणि तो माठाने आधीच पुरा केला होता.

माठावर स्पीकर बसविणारी आणि चव्वेचाळीस-चाळीसच्या पट्ट्या जोडणारी पहिली पिढी आता साठीकडे झुकली आहे. खामगाव, मलकापूर, चिखली येथील दुरुस्तीच्या दुकानांतील बोली प्रथम टिपावी, घाटावरची व घाटाखालची वेगळी; विशेषतः दोषवाचक क्रियापदे, ती गिऱ्हाईक कोणती वापरतो आणि कारागीर कोणती, या भेदासह.