सोन्याचा ससा आणि दुपारची सावली

खजिना शोधण्याचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी सहलीत किंवा शिबिरात घेतला असेल. एका चिठ्ठीत दुसरीचा पत्ता, दुसरीत तिसरीचा, आणि शेवटी झाडाच्या ढोलीत गोळ्यांची पुडी! १९७९ साली इंग्लंडमध्ये असाच एक खेळ सुरू झाला. तिथे चिठ्ठ्यांच्या जागी गोष्टीचे एक पुस्तक होते, मैदानाच्या जागी अख्खा देश, आणि पुडीच्या जागी रत्नजडित सोन्याचा ससा.

पुस्तकाचे नाव ‘मॅस्करेड’. ते चित्रकार किट विल्यम्स यांचे. आपली चित्रे लोकांनी भराभर पाने उलटून बाजूला न ठेवता पुन्हा पुन्हा निरखावीत, अशी त्यांची इच्छा होती. गोष्ट साधी होती. चंद्राने सूर्यासाठी दिलेली भेट घेऊन एक ससा निघतो आणि ती वाटेत हरवून बसतो. विल्यम्स यांनी स्वतः घडवलेला सोन्याचा ससा भाजलेल्या मातीच्या डबीत ठेवला आणि ऑगस्ट १९७९ मध्ये एका रात्री, एका साक्षीदारासमक्ष, जमिनीत पुरला. त्याचा ठावठिकाणा पुस्तकातल्या १५ चित्रांत होता.

लाखो प्रती खपल्या आणि लोक कुदळी घेऊन निघाले. इंग्रजीत सशाच्या एका जातीला ‘हेअर’ म्हणतात. तेवढ्यावरून ‘हेअरस्फील्ड बीकन’ नावाच्या टेकडीवर इतकी खणाखणी झाली, की ‘ससा इथे नाही’ अशी पाटी विल्यम्स यांना स्वखर्चाने लावावी लागली. आधी उत्तर ठरवायचे आणि मग पुरावे गोळा करायचे, ही चूक केवळ मुलेच करतात असे नाही!

खरी उकल अशी होती. प्रत्येक चित्राभोवतीच्या चौकटीत अक्षरे होती. चित्रातल्या माणसाच्या किंवा प्राण्याच्या डोळ्यापासून हातापायाच्या सर्वांत लांब बोटाच्या टोकातून सरळ रेघ काढायची. ती चौकटीतल्या एका अक्षरावर जाते. अशी अक्षरे क्रमाने जुळवली की प्रत्येक चित्रातून एक-दोन शब्द मिळतात. त्या १५ तुकड्यांची आद्याक्षरे वाचली, की ‘ॲम्प्टहिलजवळ’ या अर्थाचे इंग्रजी शब्द तयार होतात. आणि सगळे तुकडे सलग वाचले, तर कळते की विषुवदिनी भर दुपारी कॅथरीनचे लांब बोट जिथे सावली टाकते, तिथे खजिना पुरला आहे.

आता इतिहास हवा. राजा आठवा हेन्री याची पहिली राणी कॅथरीन काही काळ बेडफर्डशायरमधल्या ॲम्प्टहिल इथे राहिली होती. तिच्या स्मरणार्थ १७७३ साली तिथे एक उंच क्रूस उभारला गेला. हेच ते लांब बोट.

आणि आता खगोलशास्त्र. विषुवदिनी सूर्य विषुववृत्ताच्या बरोबर वर असतो. त्या दिवशी सूर्य माथ्यापासून जास्तीत जास्त वर आला, तरी आपल्या अक्षांशाइतके अंश खाली राहतो. ॲम्प्टहिलचा अक्षांश सुमारे ५२ अंश उत्तर. म्हणून तिथे सावलीची लांबी क्रुसाच्या उंचीच्या सुमारे १.२८ पट, आणि दिशा बरोबर उत्तर. दिशा आणि अंतर दोन्ही मिळाले, की जागा पक्की झाली. दिवस मात्र चुकता कामा नये. महिनाभर आधी किंवा नंतर पाहिले, तर सावलीचे टोक भलतीकडेच पडेल.

हे सारे कोडे पूर्ण सोडवले ते माइक बार्कर आणि जॉन रूसो या दोन भौतिकशास्त्र शिक्षकांनी. पण ससा त्यांना मिळाला नाही. १९८२ मध्ये ‘केन थॉमस’ या नावाने एकाने जागेचे कच्चे रेखाचित्र विल्यम्स यांना पाठवले, आणि ससा त्याचा झाला. त्याला कोडे उलगडलेले नाही, हे विल्यम्स यांच्या लक्षात आले. तरी जागा बरोबर होती. त्यानंतर शिक्षकांचे पत्र पोहोचले, संपूर्ण रीतीसह. डिसेंबर १९८८ मध्ये लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने बातमी दिली, की थॉमस हे टोपणनाव होते आणि जागेचा सुगावा विल्यम्स यांच्या पूर्वीच्या निकटवर्तीयांकडून लागला होता. त्याच महिन्यात ससा लिलावात ३१,९०० पौंडांना विकला गेला.

उत्तर एकाकडे आणि रीत दुसऱ्यांकडे! उत्तरपत्रिका तपासताना हा पेच आपल्यापुढेही येतो. नुसते उत्तर पाहून गुण दिले, तर आपणही ससा थॉमसच्याच हाती देतो.

हाच खेळ शाळेत करून पाहता येईल. विषुवदिन २० किंवा २१ मार्च आणि २२ किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास येतो. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश. तेथे ६ मीटर उंच ध्वजस्तंभाची सावली मध्यान्ही सुमारे २ मीटर पडेल. तेवढाच खांब ॲम्प्टहिलला साडेसात मीटरहून लांब सावली टाकेल. घड्याळातले बारा म्हणजे मात्र मध्यान्ह नव्हे. पुण्यात सूर्य मार्चमध्ये सुमारे १२ वाजून ४२ मिनिटांनी आणि सप्टेंबरमध्ये १२ वाजून २७ मिनिटांनी सर्वांत वर येतो. हा फरक का पडतो, ते मुलांनाच शोधू द्या. आठवडाभर आधी मुलांना गणित करायला सांगा, जागेवर खुंट्या ठोकायला लावा, आणि त्या दिवशी सगळ्यांनी मिळून सावलीची वाट पाहा. चिठ्ठी कोणालाही सापडो. बक्षीस मात्र ज्याच्या वहीत रीत आहे त्याला द्या.