घाटापलीकडचे भाऊबंद

आण्याचं नाव पुणे जिल्ह्यात घेतलं की लोकांना रंगदास स्वामींची यात्रा आठवते. पौषातली यात्रा, मोठाल्या कढयांतली आमटी आणि भाकरी. जुन्नर तालुका म्हटलं की धरणं, द्राक्षं, शिवनेरी. पण आळेफाट्यावरून पूर्वेला आण्याचा घाट चढून वर या. पठारावर ना कालवा, ना नदी. पाऊस सह्याद्रीला भेटून जातो, आमच्या वाट्याला ढगाची सावली. आणि पठार ओलांडलं की जिल्हा बदलतो. पुढे पारनेर तालुका, टाकळी ढोकेश्वर, भाळवणी, मग नगर. जिल्हा सरकारनं पाडलेला. म्हारवड्यांच्या सोयरिकी त्या रेघेला कधी विचारून झाल्या नाहीत. घाटाखालची पोर पारनेरात दिलेली, पारनेरची पोर इकडे आलेली. म्हणून आमच्या नात्यागोत्यात एक गोष्ट लपून राहिली नाही. पलीकडच्या भाऊबंदांतली काही घरं 'येशूची' होती. आजही आहेत.

ह्या घरांवर आमच्या चळवळीतल्या पोरांचा एक ठरलेला शेरा असतो. 'रोटीचे ख्रिस्ती.' दुष्काळात मिशननं ज्वारी दिली, ह्यांनी पाण्याखाली डोकं घातलं, संपलं. हा शेरा मी जयंतीच्या मिरवणुकीनंतर ऐकलाय, अभ्यासवर्गात ऐकलाय. मला तो मान्य नाही. मी बौद्ध आहे, बौद्धच राहणार. मला कुणाला चर्चात न्यायचं नाही. पण इतिहास आपणच लिहायचा म्हणतो ना आपण? मग आपल्याच रक्ताच्या माणसांबद्दल गावातल्या पाटलाची भाषा का वापरायची?

आता इतिहास.

अमेरिकन मराठी मिशनची माणसं मुंबईला आली १८१३ साली. नगरला ठाणं पडलं १८३१ मध्ये. सुरुवातीला मिशनऱ्यांची नजर वरच होती. एक ब्राह्मण बाटला तर दहा वर्षं त्याचं कौतुक. १८३९ साली हरी रामचंद्र खिस्ती ह्या ब्राह्मणाला नगरला बाप्तिस्मा दिला, त्याचं नाव प्रत्येक पुस्तकात सापडतं. नंतर बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, १८९५ साली नारायण वामन टिळक. मोठी माणसं, वाद नाही. पण नगर जिल्ह्यात मंडळ्या कुणी उभ्या केल्या? महारांनी आणि मांगांनी. पारनेर, राहुरी, नेवासे, जिथं जिथं मिशनचा पाय पडला तिथं म्हारवड्यातच पडला, कारण गावानं वेशीच्या आत जागा दिली नाही. ह्या हजारो माणसांची नावं कुठल्या पुस्तकात आहेत? मंडळीच्या नोंदवहीत. बास. ख्रिस्ती मराठी वाङ्मयाच्या इतिहासातसुद्धा आपण वेशीबाहेरच.

आणि तरी हे मिशन आपल्याला टाळता येत नाही. नगरला मिस फॅरार नावाच्या बाई मुलींची शाळा चालवीत होत्या. ती शाळा पाहून जोतीबा पुण्याला परतले आणि १८४८ साली मुलींची शाळा काढली. मिशनचं 'ज्ञानोदय' नगरातच १८४२ मध्ये निघालं. १८५५ साली त्याच ज्ञानोदयात जोतीबांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे ह्या मांगाच्या पोरीचा निबंध छापून आला. वेद ब्राह्मणांचे, तर मग आमचा धर्मग्रंथ कोणता, आम्हाला धर्म तरी आहे का, असं ती पोर विचारते. बाबासाहेबांच्या येवल्याच्या घोषणेच्या ऐंशी वर्षं आधी! हा सवाल छापायला त्या काळी एका मिशनचं पत्र पुढं आलं. हे विसरून चालत नाही.

दुष्काळाकडे येऊ. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग १८९६-९७ चा, त्यावर प्लेग, त्यावर १८९९-१९०० चा. नगर आणि आमचं पठार हा सगळा अवर्षणाचाच पट्टा. १८७७ मध्ये सरकारनं रिलीफच्या कामावरच्या माणसाची मजुरी इतकी खाली आणली की दिवसाला एक पौंड धान्य हाच तिचा पाया राहिला. खडी फोडायची आणि एक पौंड धान्यात जगायचं. त्याविरुद्ध मजुरांनी काम सोडलं होतं, हेही लक्षात ठेवा. आपली माणसं मुकाट मेली नाहीत. त्या काळात मिशनऱ्यांनी धान्य दिलं, कामं काढली, पोरकी पोरं सांभाळली. पारनेर भागाचं काम पाहणारे रेव्हरंड ह्यूम ह्यांना शेवटल्या दुष्काळातल्या कामाबद्दल सरकारनं कैसर-इ-हिंद पदक दिलं. आणि मंडळ्या वाढल्या. १९०१ च्या खानेसुमारीत नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्त्यांचा आकडा वीस हजारांच्या आसपास गेला. रोमन कॅथलिक जेसुइट पाद्रीही ह्याच दुष्काळाच्या मागोमाग, १८७८ पासून, राहुरीकडे वळण-केंदळच्या बाजूला आले.

म्हणजे भाकरीचा संबंध होता. होताच. मी नाकारत नाही.

पण १८७७ मध्येच जोतीबांनी आणि सत्यशोधकांनी धनकवडीला दुष्काळातल्या पोरांसाठी आश्रम काढला, जेवू घातलं. त्या पोरांना कुणी 'रोटीचे सत्यशोधक' म्हटलं? उपाशी माणसाला भाकर देणारा हात आवडला, तर त्यात लाज कुणाची? भाकर न देणाऱ्याची. गावगाड्यानं शेकडो वर्षं महाराला शिळ्या तुकड्यावर राबवलं. तो तुकडा खाऊन आपण 'रोटीचे हिंदू' झालो होतो, ते कुणी म्हणत नाही.

आणि खरा मुद्दा पुढेच आहे. दुष्काळ संपला. धान्याची पोती संपली. मग हे लोक का टिकले? रोटीसाठी आलेला माणूस रोटी संपल्यावर उठून जातो. हे गेले नाहीत. काही गेले, मान्य आहे, पण पुष्कळ राहिले. आणि राहण्याची किंमत रोटीपेक्षा जबर होती.

किंमत कशी ते बघा. बाप्तिस्मा झाला म्हणून गावकी सुटली नाही. १८५० चा एकविसावा कायदा सांगतो की धर्म बदलला म्हणून माणसाचा वारसाहक्क बुडत नाही. कागदावर चांगलंच. पण महाराचा वारसा म्हणजे काय? वतन! वतनाचा हिस्सा राहिला म्हणजे येसकरकी राहिली, तराळकी राहिली, मेलेलं ढोर ओढणं राहिलं. पाद्री सांगणार, मेलेल्याचं मांस खाऊ नको, मरीआईच्या गाड्यापुढं जाऊ नको, रविवारी काम करू नको. पाटील सांगणार, रविवारीच सरकारी टपाल घेऊन पुढच्या गावाला पळ. भाऊबंद सांगणार, मरीआईचा भाग देत नाहीस तर आमच्यात बसू नको. तिन्हीकडून माणूस दाबलेला. ह्या दाबाखाली ज्यानं देव्हारा मोडला तो मोडलाच ठेवला, त्याला तुम्ही लाचार म्हणता? वतनाच्या ह्या फासाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये कौन्सिलात बिल आणलं. महारकी कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. तोवर ख्रिस्ती महार हा गावाच्या लेखी महारच.

मग टिकले कशावर? मला वाटतं, गाण्यावर. हसू नका. मिशनऱ्यांचं इंग्रजी चालीचं गाणं आपल्या लोकांच्या गळ्यात कधी बसलं नाही. १८६० नंतर नगरला कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी कीर्तनाचा बाज उचलला. वीणा, टाळ, मृदंग आणि मधे येशूची कथा. ज्या म्हारवड्यात चोखोबाचे अभंग होते, तमाशाचे ढोलकीवाले होते, तिथं हे लगेच रुजलं. पुढे टिळकांनी भजनं लिहिली. वाचता न येणाऱ्या बाया ती तोंडपाठ करायच्या आणि दळताना म्हणायच्या. पुस्तक जप्त करता येतं, पाद्री हलवता येतो, जात्यावरचं गाणं कुठला पाटील बंद करणार?

पाद्री हलवला जातो हे मी उगाच म्हणत नाही. पहिल्या महायुद्धात नगरच्या कॅथलिक मंडळ्यांचे पाद्री बहुतेक जर्मन होते. इंग्रज सरकारनं त्यांना शत्रू ठरवलं, स्थानबद्ध केलं, परत पाठवलं. नगरच्या कॅम्पातच जर्मन कैद्यांची छावणी होती. गावोगावच्या मंडळ्या उघड्यावर पडल्या. पुढे १९२९ नंतर अमेरिकेत मंदी आली, तिकडून येणाऱ्या पैशाला कात्री लागली. पैसा आटला की पहिला फटका गावच्या शाळेच्या मास्तरला. हा मास्तरच तिथला उपदेशक, तोच अर्ज लिहून देणारा, तोच कोर्टाच्या नोटिसा वाचून दाखवणारा. मास्तर गेला की राहिल्या बाया आणि त्यांची भजनं.

आता चर्चची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल हा मिशनचा एजंट झाला. चर्चनं जात मोडली नाही. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती एका बाकावर बसले, पण सोयरीक म्हटली की ज्याची त्याची जात जागी. बाबासाहेबांनी हे बारकाईनं पाहिलं होतं. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती मंडळींपुढे ते बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त ह्या दोघांनी आपलं मन ओढलं हे त्यांनी सांगितलं, आणि त्याच भाषणात ख्रिस्ती समाज राजकारणात मुका राहतो म्हणून कानही टोचले. धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीवर त्यांनी पुढे जे लिहिलं, ते त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. सरकारनं काढलेल्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात १९८९ साली आलं. मूळ वाचा. मिशनांनी पैसा वरच्या जातींच्या कॉलेजांवर ओतला, अस्पृश्य ख्रिस्त्याला लढायला शिकवलं नाही, हा त्यांचा आरोप आहे. हा आरोप चर्चच्या पुढाऱ्यांवर आहे. दळणाऱ्या बाईवर नाही. आपण मात्र शिवी तिलाच देतो.

चर्चच्या आतूनही आवाज उठला, उशिरा का होईना. अरविंद निर्मळ ह्यांनी १९८१ मध्ये बंगलोरच्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या कॉलेजात शूद्रांच्या धर्मविचाराची मांडणी केली, त्यातून पुढे दलित थिऑलॉजी उभी राहिली. ब्राह्मणी तत्त्वज्ञानात येशू बसवण्याचा धंदा बंद करा, हा त्याचा रोख. पँथरनं १९७२-७३ मध्ये जे रस्त्यावर म्हटलं, ते ह्यांनी चर्चात म्हटलं.

स्वातंत्र्यानंतरची अडचण ही खरी कसोटी. १० ऑगस्ट १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश. त्याचा तिसरा परिच्छेद: हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. एका ओळीनं लाखो माणसांची जात कागदावरून पुसली, गावातून नाही पुसली. १९५६ मध्ये शीख आत घेतले. बौद्धांना मात्र १९९० पर्यंत थांबावं लागलं. चौतीस वर्षं! महाराष्ट्रात राज्य सरकारनं १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या म्हणून आपण तगलो, पण केंद्राच्या नोकरीत आपल्या कितीतरी पोरांना दाखल्यावर 'हिंदू महार' लिहावं लागलं. ती कुचंबणा आपल्या बापांनी भोगली आहे. ख्रिस्ती महार आजही त्याच दाराशी उभा आहे. महाराष्ट्रात त्याला इतर मागासवर्गीयांच्या यादीत टाकलं, म्हणजे शिष्यवृत्तीचा तुकडा आहे. अनुसूचित जातीची राखीव जागा नाही आणि ॲट्रॉसिटीच्या कायद्याचं संरक्षणही नाही. मार खाताना महार, फिर्याद देताना ख्रिस्ती.

सूसै नावाच्या मद्रासच्या एका चांभार ख्रिस्त्यानं सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. रस्त्याकडेच्या हिंदू चांभारांना सरकारी टपऱ्या मिळाल्या, ह्याला नाही. कोर्टानं म्हटलं, धर्म बदलल्यावरही जातीचा जाच तेवढाच टिकून आहे ह्याचा पुरावा आणा. रापीला धर्म असतो काय? २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगानं धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली, सदस्य-सचिव बाईंनी वेगळं मत नोंदवलं, शिफारस पडून राहिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं माजी सरन्यायाधीश बालकृष्णन ह्यांचा आयोग नेमला.

आता ह्या पेचात माणूस काय करतो? शाळेत एक नाव, मंडळीच्या वहीत दुसरं. दाखल्यावर हिंदू, रविवारी ख्रिस्ती. आपल्यातले काही ह्याला ढोंग म्हणतात. पोटासाठी कागद हिंदू ठेवला आणि मन दिलं नाही, ह्याला मी ढोंग म्हणत नाही. पण ज्यांनी कागदही ख्रिस्तीच ठेवला आणि पोराची नोकरी घालवली, ती घरं घाटापलीकडे मला माहीत आहेत. तिथली एक म्हातारी, आमच्या लांबच्या नात्यातली आत्या, मला म्हणाली, "आरं, तुमच्या बाबासायबानं कागदावरचा देव बदलायला सांगितला का मनातला?" मी म्हटलं, "दोन्ही, आत्या." ती म्हणाली, "मंग आमीबी तेच केलं की. सरकारनं दंड घेतला, एवढंच."

'रोटीचे ख्रिस्ती' म्हणणाऱ्यांनी हा दंड मोजून दाखवावा.

एक काम सांगतो. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये पुरावा मागितला होता, आणि पुढे कुठल्याही आयोगापुढे तोच मागितला जाईल. तो आपल्याच पट्ट्यात पडून आहे. मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, जुने शाळा सोडल्याचे दाखले, वतनाचे उतारे, कुठल्या गावात ख्रिस्ती महाराला स्मशान वेगळं आहे, कुणाला पाणवठ्यावरून हाकललं, कुणाची फिर्याद ॲट्रॉसिटीखाली घेतली नाही. पारनेर, राहुरी, नेवासे, श्रीरामपूर. वह्यांना वाळवी लागली आहे आणि सांगणारी माणसं ऐंशीच्या पुढची आहेत. घाट चढून जायला एस.टी. आहे. वही-पेन घेऊन जा, आणि जाताना शेरे घरी ठेवून जा.