नको ती सेवा बंद : एका रीतीची कुळकथा

लाखांदूरसारख्या तालुक्याच्या गावी फाइल सर्व्हर म्हणजे बहुधा कार्यालयाच्या, राइस मिलच्या नाहीतर शाळेच्या कोपऱ्यातला एक जुना संगणक. फायली एका जागी सांभाळायच्या आणि ज्याला परवानगी आहे त्याला द्यायच्या, एवढंच त्याचं काम. पण त्याच्या विंडोजमधली 'सर्व्हिसेस'ची यादी उघडा : प्रिंट स्पूलर, ब्लूटूथ, रिमोट रजिस्ट्री... फायली वाटायला यातलं काहीच लागत नाही. जे लागत नाही ते बंद करायचं, ही आज सर्व्हर सुरक्षित करण्याची पहिली पायरी आहे. ती रुळायला बरीच वर्षं गेली आणि बरंच नुकसान सोसावं लागलं.

बीज सापडतं १९७५ साली. जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर निबंध लिहिला. प्रत्येक प्रोग्रामला कामापुरताच अधिकार द्यावा आणि रचना तपासता येईल इतकी साधी ठेवावी, ही त्यातली दोन तत्त्वं.

प्रत्यक्षात मात्र तेव्हाच्या युनिक्स यंत्रांवर सगळं उघडंच असे. जोडलेली यंत्रं विद्यापीठांची आणि संशोधन संस्थांची. एकमेकांवर भरवसा होता. कोण लॉगिन आहे हे विचारणाऱ्या कुणालाही सांगणारी 'फिंगर' ही सेवा त्यातलीच. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला वर्म, म्हणजे यंत्रागणिक आपोआप पसरणारा प्रोग्राम, याच फिंगरमधल्या चुकीतून आणि ई-मेल पोहोचवणाऱ्या सेंडमेलमध्ये चालू राहिलेल्या डीबग सोयीतून आत शिरला. हजारो यंत्रं ठप्प झाली. बांधीच्या धुऱ्याला खेकड्याने पाडलेलं भोक बोटभरच असतं, पण रातोरात पाणी निघून जातं. तसंच हे झालं.

युनिक्सवर अशा सेवा चालू करणाऱ्या 'आयनेटडी'च्या सेटिंग फाइलमध्ये एका ओळीला एक सेवा असे. ओळीपुढे हॅशचं चिन्ह टाकलं की ती बंद. पुढे हे काम प्रशासकांच्या अंगवळणी पडलं. थिओ डी राट यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या ओपनबीएसडी या युनिक्सच्या वळणाच्या प्रणालीने तर क्रमच उलटवला : अनावश्यक सेवा मुळातच बंद, हवी ती मालकाने चालू करावी.

विंडोजला हे वळण लागलं ते कोड रेड या वर्मनंतर. विंडोज २००० सर्व्हरबरोबर आयआयएस हा वेब सर्व्हर आपोआप बसत असे; आपल्या यंत्रावर तो चालू आहे हे अनेक मालकांच्या गावीही नव्हतं. त्यातल्याच चुकीतून कोड रेड पसरला आणि १९ जुलै २००१ रोजी एका दिवसात साडेतीन लाखांवर यंत्रं बाधित झाली. विंडोज सर्व्हर २००३ मध्ये आयआयएस आपोआप बसवणं थांबलं.

खुद्द फाइल सर्व्हरची पाळी २०१७ मध्ये आली. फायली वाटणाऱ्या एसएमबीच्या जुन्या पहिल्या आवृत्तीतली चूक वापरून मे महिन्यात वॉनाक्राय हा वर्म पसरला. जूनमध्ये नॉटपेट्याने तीच वाट धरली, शिवाय चोरलेले पासवर्डही वापरले. त्या हल्ल्यात न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलचं काम थांबलं. एसएमबीतल्या त्या चुकीची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. त्याच वर्षी विंडोज १० च्या नव्या आवृत्तीतून पहिली एसएमबी आपोआप बसणं बंद झालं. २०२१ मध्ये प्रिंट स्पूलरमधली गंभीर चूक उघड झाली, आणि गरज नसेल तिथे तो बंदच ठेवा, असं सांगण्यात आलं.

या सगळ्या कुळात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 'आधीच बंद' ठेवण्याचा निर्णय. तालुक्याच्या कार्यालयात सुरक्षेचा जाणकार क्वचितच असतो. कंपनीने जे चालू ठेवून दिलं तेच वर्षानुवर्षं चालू राहतं. नव्या यंत्राला या निर्णयाचा आधार आयता मिळतो. जुन्या यंत्राचं काम मात्र हातानेच करावं लागतं. चालू सेवांची यादी वहीत उतरवा. प्रत्येकीपुढे ती कोण वापरतं ते लिहा. ज्यांच्यापुढे नाव येत नाही त्या एकेक करून थांबवा. महिनाअखेरची कामं सुरळीत पार पडली, की मगच 'डिसेबल्ड' करा आणि तारीख नोंदवा. पुढे यंत्र सांभाळायला येणाऱ्याला ही वही कुठल्याही महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोगी पडेल.