पुर्पुरा : एका रंगाची राजसत्ता

समुद्रांतील प्राणी, त्याच्यापासून निघणारा रंग, त्या रंगांत बुडविलेलें कापड आणि तें पांघरणाऱ्याचें पद हे सर्व अर्थ एकाच शब्दांत सामावल्याचें क्वचितच आढळतें. लॅटिन भाषेंतील ‘पुर्पुरा’ हा असा शब्द आहे. तो मूळचा ग्रीक ‘पोर्फिरा’. इंग्रजींतील ‘पर्पल’ हा त्याचाच वंशज.

फिनिशियांतील टायर हें नगर या जांभळ्या रंगाचें माहेरघर. शंखाच्या जातीच्या प्राण्याच्या अंगांतील लहानशी शीर काढून ती तीन दिवस मिठांत मुरवावयाची व नंतर मंद आंचेवर कित्येक दिवस ठेवावयाची, अशी कृति रोमन ग्रंथकार प्लिनी यानें नोंदविली आहे. थिजलेल्या रक्ताची छटा उत्तम मानली जाई. १९०९ मध्यें फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञानें १२,००० प्राणी खर्ची घातले, तेव्हां त्याच्या हातीं अवघा १.४ ग्रॅम रंग लागला. परीक्षेअंतीं तो आपल्या निळीचाच सख्खा भाऊ ठरला. निळीच्या रेणूंत ब्रोमीनचे दोन अणु, एवढाच काय तो फरक!

रोममध्यें प्रथम अधिकाऱ्यांच्या टोग्याला या रंगाचा कांठ असे. पुढें सबंध जांभळें वस्त्र बादशहाची खूण झालें. डायोक्लेशियनच्या इ. स. ३०१ च्या दरपत्रकांत अशा एक पौंड रेशमाची किंमत १,५०,००० दिनारी लिहिली आहे. परंतु खरी किंमत पैशांत मोजतां येत नव्हती. इ. स. ३५४ च्या सुमारास टायर येथें कोणी तरी गुप्तपणें राजवस्त्र विणवीत असल्याचा बोभाटा झाला. असें वस्त्र विणविणें म्हणजे सिंहासनावर डोळा ठेवणें. मारास नांवाच्या ख्रिस्ती धर्मसेवकाचें एक पत्र पुढें आलें. त्यांत विणकरांच्या मुकादमाला काम लवकर उरकण्याविषयीं लिहिलें होतें. मारासचा प्राण कंठीं येईपर्यंत छळ झाला, तरी त्याच्या तोंडून कबुली निघाली नाहीं. इतिहासकार अमिआनस यानें ही हकीकत लिहून ठेवली आहे; वस्त्र कोणासाठीं होतें, हें मात्र उजेडांत आलें नाहीं.

१४५३ मध्यें कॉन्स्टँटिनोपल पडलें आणि या रंगाचा राजाश्रय संपला. १८५६ मध्यें लंडनच्या अठरा वर्षांच्या पर्किननें डांबरापासून जांभळा रंग काढला. ज्या रंगापायीं मारासवर मरणाची पाळी आली, तो थोड्याच वर्षांत कापडाच्या दुकानांत वारावर मिळूं लागला.