रेड संचातील वापरयोग्य साठवणक्षमता

अनेक हार्ड डिस्क एकत्र जोडून त्यांचा एकच साठा म्हणून उपयोग करण्याच्या पद्धतीस रेड असे म्हणतात. अशा संचातील सर्व डिस्कांच्या क्षमतांची बेरीज म्हणजे एकूण क्षमता होय. डिस्क निकामी झाल्यास माहिती पुन्हा उभी करता यावी, यासाठी तिच्यातील काही भाग राखला जातो. उरलेल्या भागास वापरयोग्य क्षमता म्हणतात.

इतिहास

रेड ही संज्ञा डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या १९८८ मधील शोधनिबंधामुळे रूढ झाली. हे तिघेही तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत कार्यरत होते. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क वापराव्यात, हा त्यांचा मूळ विचार होता. मात्र डिस्कांची संख्या वाढली की त्यांपैकी एखादी बिघडण्याची शक्यताही वाढते. म्हणून जादा माहिती साठवणे आवश्यक ठरते.

स्तरांनुसार गणना

डिस्कांची संख्या 'न' आणि सर्वांत लहान डिस्कची क्षमता 'क' मानल्यास वापरयोग्य क्षमता पुढीलप्रमाणे असते:

* रेड ० : न × क (संरक्षण नाही)
* रेड १ : क (प्रत्येक डिस्कवर तीच प्रत)
* रेड ५ : (न − १) × क (किमान ३ डिस्क)
* रेड ६ : (न − २) × क (किमान ४ डिस्क)
* रेड १० : (न ÷ २) × क (किमान ४ डिस्क, समसंख्या)

उदाहरणार्थ, ४ टेराबाइटच्या ६ डिस्क असल्यास एकूण क्षमता २४ टेराबाइट होते. त्यांपैकी रेड ५ मध्ये २०, रेड ६ मध्ये १६ आणि रेड १० मध्ये १२ टेराबाइट वापरता येतात.

क्षमता घटविणारे इतर घटक

* असमान डिस्क : पारंपरिक रेडमध्ये सर्वांत लहान डिस्क प्रमाण मानली जाते. ४, ४, ४ व ३ टेराबाइटच्या डिस्कांपासून रेड ५ मध्ये ९ टेराबाइटच मिळतात.
* राखीव डिस्क : बिघाड होताच आपोआप कामास लागणारी डिस्क 'न' मध्ये धरली जात नाही.
* एककांतील फरक : उत्पादक १ टेराबाइट म्हणजे १०¹² बाइट मानतात, तर विंडोजसारख्या काही संगणक प्रणाली २⁴⁰ बाइट मानतात. त्यामुळे ४ टेराबाइटची डिस्क सुमारे ३.६४ दिसते. यात जागा नाहीशी होत नाही. केवळ माप बदलते.
* फाइल प्रणाली : तिच्या स्वतःच्या नोंदींसाठीही काही जागा लागते.

वरील ६ डिस्कांपैकी एक राखीव ठेवून उरलेल्या पाचांचा रेड ६ संच केल्यास (५ − २) × ४ = १२ टेराबाइट मिळतात; विंडोजमध्ये ते सुमारे १०.९१ दिसतात.

क्षमता आणि सुरक्षितता

रेड ५ मधील एक डिस्क बिघडल्यावर नवी डिस्क भरण्यासाठी उरलेल्या सर्व डिस्क वाचाव्या लागतात. मोठ्या डिस्कांच्या बाबतीत या कामास बराच काळ लागतो आणि त्या अवधीत दुसरी डिस्क बिघडल्यास संचातील माहिती गमावली जाते. रेड ६ कोणत्याही दोन डिस्कांचा बिघाड सहन करतो. रेड १० मध्ये मात्र एकाच जोडीतील दोन्ही डिस्क बिघडल्यास माहिती नष्ट होते.

कोणताही रेड स्तर स्वतंत्र प्रतीची जागा घेऊ शकत नाही. चुकून पुसलेली फाइल संचातूनही पुसली जाते, तर आगीत संपूर्ण संच एकदमच नष्ट होऊ शकतो. म्हणून क्षमतेचा अंदाज बांधताना अन्यत्र ठेवावयाच्या प्रतीसाठी लागणारी जागाही हिशेबात धरावी लागते.