धार लावणाऱ्याची गोष्ट

श्रोतेहो, सुगी तोंडावर आली की लोहाराच्या भात्याला उसंत नसते. कुणी विळे पाजवून घेतो, कुणी कुदळ शेवटून नेतो. बोथट हत्यार घेऊन शेतात कुणी उतरत नाही; त्याने कापले जाते कमी आणि मनगटच जास्त दुखते. पण विळ्याला धार एकच. समजा, एका चाकाला वीस दात आहेत, प्रत्येक दाताला निराळी धार आहे आणि ते चाक लोखंड कापते आहे. ते बोथटले तर पाजवायचे कसे? प्रश्न साधा वाटतो. पण एके काळी साऱ्या यंत्रविद्येचे घोडे इथेच पेंड खात होते.

या दातेरी चाकाला कारखान्यात मिलिंग कटर म्हणतात. लेथवर काम फिरते आणि हत्यार धरून ठेवलेले असते. मिलिंगच्या यंत्रात याच्या उलट: हत्यार गरगर फिरते आणि काम त्याच्याखालून हळूहळू सरकते. सपाटी काढणे, खाचा पाडणे, दंतचक्राचे दात कापणे ही कामे त्यावर होतात.

फ्रान्समध्ये जाक द व्होकान्सन नावाचा मोठा यंत्रकार होऊन गेला. तो १७८२ साली वारला. अगदी जुना असा एक कटर त्याच्या नावावर सांगतात. त्याचे दात कानशीच्या दातांसारखे बारीक आहेत. पुढे अमेरिकेत एलाय व्हिटनीने १८१८ च्या सुमारास पहिले मिलिंग यंत्र केले, असे पुष्कळ पुस्तकांत छापलेले असते. शिक्षकबंधूंनी एवढे ध्यानात ठेवावे की, हे श्रेय एकट्या व्हिटनीला देण्यास पुढच्या संशोधकांनी हरकत घेतली आहे. त्या भागातल्या बंदुकांच्या कारखान्यांत अनेकांच्या हातून ते यंत्र घडत गेले.

यंत्र घडले खरे. पण कटरचे काय? त्याचे दात हाताने, कानशीने पाडायचे. मग पोलाद लाल करून पाणी द्यायचे, म्हणजे ते कडक होई. आता खरी अडचण पाहा. कडक पोलादावर कानस चालत नाही, नुसती घसरते. म्हणून बोथटलेला कटर पुन्हा तापवून नरम करायचा, एकेक दात घासायचा आणि परत पाणी द्यायचे. या तापण्या-निवण्यात तो कधी वाकडा होई, कधी तडकून जाई. चांगल्या कारागिराची कित्येक दिवसांची मेहनत एका क्षणात वाया! शिवाय दात बारीक असले की कीस अडकायचा, आणि खोल काप घेता यायचा नाही.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरात बंदुका बनवणाऱ्या एका कारखान्यात फ्रेडरिक हाऊ हा जाणकार कामाला होता. बंदुकीच्या एका बारीक भागाला भोक पाडण्यासाठी पीळदार ड्रिल लागे, आणि त्या ड्रिलच्या खाचा माणसे गोल कानशीने घासून काढत. लढाईच्या घाईत हे कसे पुरे पडणार? हाऊने ही अडचण त्याच शहरातील ‘ब्राउन अँड शार्प’च्या जोसेफ ब्राउनपुढे मांडली. ब्राउनने पीळदार खाचही कापू शकेल असे मिलिंग यंत्र रचले, आणि १८६२ साली पहिले यंत्र विकले गेले.

पण त्याची दुसरी युक्ती मला अधिक मोलाची वाटते. १८६४ साली त्याने आकारबद्ध कटरचे पेटंट घेतले. दंतचक्र कापणाऱ्या कटरच्या दाताला ठरावीक वळण असते. त्याला धार लावताना ते वळण बिघडले की पुढची सारी चक्रे बिघडली. ब्राउनने काय केले? दाताची पाठ अशी उतरती घडवली की तो कुठेही छेदला तरी आकार तोच निघावा. सोऱ्यातून पाडलेली चकली आठवा. ती कुठेही मोडा, टोकाला नक्षी तीच दिसते. तसाच हा दात. फक्त पुढचे तोंड घासायचे. दात झिजत जातो, पण आकार टिकतो.

आता घासायचे कशावर? कडक पोलादाला कापणारा दगडच हवा. आपल्याकडचा कुरुंद त्याच जातीचा; इंग्रजीतले कोरंडम हे नावही भारतीय भाषांतूनच गेलेले आहे. १८७३ साली अमेरिकेतल्या वूस्टर गावी, फ्रँक नॉर्टनच्या कुंभारकामाच्या कारखान्यात स्वेन पल्सन या कारागिराने एमरीची पूड मातीत कालवून भट्टीत भाजली आणि टणक चाक तयार केले. म्हणजे लोहाराचे नडलेले काम इथे कुंभाराने सोडवले! अशा चाकांमुळे कटर नरम न करताच पाजवता येऊ लागला आणि मोठे, विरळ दात ठेवणे परवडू लागले.

ही विद्या केवळ मोठ्या कारखान्यांची राहिली नाही. इंग्लंडमध्ये घरच्या खोलीत लेथ मांडून छोटी वाफेची इंजिने करणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. ‘मॉडेल इंजिनिअर’ हे त्यांचे नियतकालिक १८९८ साली सुरू झाले. १९७० च्या दशकात लफबरो विद्यापीठाचे प्राध्यापक चॅडॉक यांनी घरी बनवता येईल असे धार लावण्याचे यंत्र त्यातून समजावून दिले. जवळच्या गावावरून त्याचे नाव ठेवले ‘क्वॉर्न’.

कृतीचे मर्म मात्र एका टेकूत आहे. कटर दांड्यावर बसवायचा, दाताखाली पोलादी पट्टीचा टेकू द्यायचा आणि धारेमागची पाठ पाच-सात अंशांच्या उताराने हलकेच घासायची. मग पुढचा दात त्याच टेकूवर आणायचा. टेकू एकच, म्हणून सारे दात एका उंचीचे होतात. एखादा वर राहिला तर सगळा भार त्याच्यावर येतो. जोडीतला एकच बैल ओढू लागला तर जे होते, तेच. आकारबद्ध कटरची मात्र पाठ घासायची नाही. तोंडच, तेही नेमके मध्याच्या रोखाने. घाई केली, धार निळी पडली, की साध्या पोलादाचा कडकपणा गेलाच म्हणून समजा. आणि डोळ्यांवर चष्मा हवा, हे काय सांगायला पाहिजे?

इतिहासात यंत्र करणाऱ्याचे नाव राहते. धार लावणाऱ्याचे क्वचितच. पण धार लावता येईना तोवर ते यंत्र पांगळेच होते. म्हणून शिक्षकांनो, मुलांना लेथ-मिलिंग दाखवाल तेव्हा त्यांच्या हाती एक बोथट कटरही द्या आणि विचारा, “आता काय कराल?” जो मुलगा तो फेकून नवा मागेल, त्याने यंत्र चालवणे शिकले. जो टेकू शोधू लागेल, त्याला यंत्र कळले.